भूमीच्या पूर्वस्थितीची नोंद : किल्लारीचा भूकंप आणि उपग्रहीय रडार

मराठवाड्याची भूमी अचल आहे, हा समज जितका जुना तितकाच सार्वत्रिक होता. वेरूळचे कैलास लेणे साडेबाराशे वर्षे जागचे हललेले नाही, देवगिरीचा तासलेला कडा तसाच उभा आहे, अजिंठ्याच्या भिंतींवरील गिलावा अंशतः का होईना अजून टिकून आहे. मग या कातळाच्या स्थैर्याविषयी शंका घेण्याचे कारण कोणास वाटावे? भूशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतही दख्खनच्या पठाराचे वर्णन प्राचीन व स्थिर भूखंड असेच येत असे. भारतीय मानक संस्थेने भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे जे विभाग पाडले, त्यांच्या १९७० च्या आवृत्तीत लातूर-उस्मानाबादचा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असताना, किल्लारीच्या परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास आहे. काही ग्रंथांत तो साडेनऊ हजारांच्या पुढे दिलेला आढळतो.

या घटनेच्या बरोबर चौऱ्याऐंशी दिवस आधी, ८ जुलै १९९३ रोजी, ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात दिदिए मासोने व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला होता. कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे २८ जून १९९२ रोजी ७.३ महत्तेचा भूकंप झाला होता. त्या भूकंपाने जमीन कोठे किती सरकली, याचा संपूर्ण नकाशा केवळ उपग्रहावरून घेतलेल्या रडारचित्रांच्या साहाय्याने काढता येतो, हे या निबंधाने प्रथमच दाखवून दिले. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि भूकंपाच्या अभ्यासाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास हे सान्निध्य नजरेआड करता येत नाही. एका खंडात भूमीच्या हालचालीचे माप घेण्याची नवी रीत सिद्ध झाली आणि दुसऱ्या खंडात, ज्या भूमीचे असे माप घेण्याची कोणास गरजच वाटली नव्हती, ती भूमी हलली. प्रस्तुत लेखात या नव्या साधनाचा पूर्वेतिहास आणि किल्लारीच्या संदर्भात त्याचा उपयोग व मर्यादा यांचा विचार करावयाचा आहे. लेखक इतिहासाचा विद्यार्थी आहे, पदार्थविज्ञानाचा नव्हे. म्हणून साधनाच्या रचनेपेक्षा त्यामागील पुराव्याच्या प्रश्नाकडे येथे अधिक लक्ष दिले आहे.

हा प्रश्न मुळात जुन्या-नव्या नोंदींचा आहे. भूकंपात जमीन किती सरकली, हे सांगावयाचे तर ती आधी कोठे होती हे माहीत असावे लागते. भूकंपानंतर कितीही काटेकोर मोजणी केली, तरी आधीच्या मोजणीशिवाय ती मुकी राहते. कच्छच्या रणात १६ जून १८१९ रोजी झालेल्या भूकंपाने सुमारे ८० किलोमीटर लांबीचा जो बांध वर आला आणि ज्यास लोकांनी ‘अल्लाबंद’ असे नाव दिले, तो डोळ्यांना दिसत होता. सपाट रणात पूर्वी असा बांध नव्हता हे सर्वांस ठाऊक होते, म्हणून तेथे लोकस्मृतीच पूर्वनोंदीचे काम करू शकली. परंतु हालचाल हात-दोन हातांची असेल आणि ती शेकडो चौरस मैलांवर पसरलेली असेल, तर स्मृती अपुरी पडते. तेथे मोजणीच हवी.

ही मोजणी भारतात ज्या कामामुळे शक्य झाली, त्याचा आपल्या प्रदेशाशी निकटचा संबंध आहे. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. ही त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत निजामाच्या मुलखातून गेली. बीदरजवळ तिची एक आधाररेषा मोजण्यात आली. पुढे काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. या सर्वेक्षणाचा उद्देश भूकंपाचा अभ्यास हा मुळीच नव्हता. पृथ्वीचा आकार निश्चित करणे आणि कंपनी सरकारला नकाशे पुरविणे एवढाच होता. परंतु दप्तराचे असेच असते. जमाखर्चासाठी लिहिलेली वही पुढे दुष्काळाच्या इतिहासाचे साधन ठरते, हे पेशवे दप्तराच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

आसामात १२ जून १८९७ रोजी महाभूकंप झाला, तेव्हा या दप्तराचे मोल प्रथम कळले. सर्वेक्षण खात्याने खासी टेकड्यांतील जुन्या त्रिकोणांची पुन्हा मोजणी केली. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम याने आपल्या १८९९ च्या प्रतिवेदनात तिचा समावेश केला. मात्र तिचा पूर्ण अर्थ लावणे त्या काळच्या सिद्धान्तांच्या आवाक्याबाहेरचे होते. शंभर वर्षांहून अधिक काळानंतर, २००१ मध्ये, रॉजर बिलहॅम व फिलिप इंग्लंड यांनी तीच आकडेमोड पुन्हा हाती घेतली आणि शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली भूपृष्ठावर न दिसणारा एक प्रचंड विभंग असल्याचे अनुमान काढले. त्यास त्यांनी ओल्डहॅमचे नाव दिले. मधल्या काळात, १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील भूकंपानंतर, हॅरी फील्डिंग रीड याने भूकंपापूर्वीच्या व नंतरच्या त्रिकोणमितीय मोजण्या ताडून पाहिल्या आणि १९१० मध्ये आपला स्थितिस्थापक प्रतिक्षेपाचा सिद्धान्त मांडला. विभंगाच्या दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहतात. ताण असह्य झाला की ते विभंगावर एकदम घसरतात व सरळ होतात. या घसरण्याचे हादरे म्हणजे भूकंप. आज शाळेतल्या पुस्तकातही दिसणारा हा सिद्धान्त जुन्या आणि नव्या मोजणीतील ‘पाठभेदां’तून निघालेला आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

पाठभेद हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. उपग्रहीय रडारची रीत समजून घेण्यास पोथ्यांच्या संपादनाचा दृष्टान्त उपयोगी पडतो. एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखित प्रती शेजारी ठेवून संपादक ओळीमागून ओळ ताडून पाहतो. जेथे अक्षर बदलले असेल तेथे खूण करतो. जेथे दोन्ही प्रती जुळतात, तेथे त्यास काही लिहावयाचे नसते. रडारची व्यतिकरण-पद्धती एकाच भूप्रदेशाच्या, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन चित्रांबाबत हेच करते. उपग्रह जमिनीकडे सूक्ष्म रेडिओतरंग सोडतो व परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. तरंगाला जाऊन येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर स्थूलमानाने कळते. परंतु परत येताना तरंग आपल्या चढउताराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर होता, तेही नोंदले जाते. या टप्प्यास पदार्थविज्ञानात कला म्हणतात. दुसऱ्या फेरीच्या वेळी जमीन उपग्रहाकडे थोडी उचलली गेली असेल, तर तरंगाचा प्रवास तेवढा कमी होतो आणि कला बदलते. दोन्ही चित्रांतील कलांची वजाबाकी करून, डोंगरदऱ्यांच्या उंचीमुळे पडणारा फरक काढून टाकला की जे उरते, ते रंगीत पट्ट्यांच्या रूपाने कागदावर उमटते. युरोपीय अवकाश संस्थेने १७ जुलै १९९१ रोजी सोडलेल्या ‘ईआरएस-१’ या उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी ५.६६ सेंटिमीटर होती. तरंग जातो आणि येतो, म्हणून हालचालीचा हिशेब निम्म्याने होतो. एक पूर्ण पट्टा म्हणजे सुमारे २.८ सेंटिमीटर. जवळजवळ आठशे किलोमीटर उंचीवरून पेराएवढी हालचाल दिसावी, यात चमत्कार काही नाही. केवळ दोन प्रतींची काटेकोर तुलना आहे.

अर्थात या रीतीसाठी प्रथम अवकाशातून स्पष्ट रडारचित्र मिळणे आवश्यक होते, आणि तेथे एक मोठी अडचण होती. ईआरएस-१ वरील १० मीटर लांबीच्या अँटेनाचा झोत जमिनीवर पोहोचेपर्यंत चार-पाच किलोमीटर रुंद होतो. एवढ्या जाड बोरूने बारीक अक्षर काढता येणार नाही. यावरील तोड अमेरिकेतील कार्ल वायली या अभियंत्यास १९५१ मध्येच सुचली होती. उपग्रह वा विमान पुढे सरकत असताना मिळणारे असंख्य प्रतिध्वनी गणिताने एकत्र केले, तर जणू काही किलोमीटर लांबीचा अँटेना वापरल्याप्रमाणे चित्र मिळते. शीतयुद्धाच्या गरजेतून निघालेली ही युक्ती नागरी उपयोगासाठी अवकाशात गेली ती १९७८ मध्ये, ‘सीसॅट’ या उपग्रहाबरोबर. तो साडेतीन महिन्यांतच बंद पडला. पण त्या अल्पकाळातील चित्रांवरून अँड्र्यू गेब्रिएल, रिचर्ड गोल्डस्टीन व हॉवर्ड झेब्कर यांनी १९८९ मध्ये जमिनीच्या उंचीतील सूक्ष्म फरक दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. तो कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्याविषयी आहे. तेथे शेते चौकोनी आहेत, आणि चित्रात काही चौकोन शेजारच्या चौकोनांपासून वेगळे उठून दिसत होते. कारण शोधता असे आढळले की, ज्या शेतांना मधल्या काळात पाणी दिले होते, त्यांची माती फुगून वर आली होती. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल. मराठवाड्याच्या दृष्टीने ती भूकंपाहून कमी महत्त्वाची नाही.

लँडर्सच्या बाबतीत सारे जुळून आले. प्रदेश वाळवंटी, झाडोरा विरळ, सुमारे ८० किलोमीटर लांबीचा विभंग जमीन फाडून वर आलेला, आणि भूकंपापूर्वीचे चित्र संग्रही. त्यानंतर ईआरएस-२ (१९९५), एनव्हिसॅट (२००२), जपानचा आलोस (२००६) असे उपग्रह एकामागून एक गेले. भारताने २६ एप्रिल २०१२ रोजी रिसॅट-१ सोडला. २०१४ पासून युरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेने ठरावीक दिवसांच्या अंतराने पृथ्वीच्या भूभागाची चित्रे घेऊन ती सर्वांस विनामूल्य खुली केली. त्यामुळे पूर्वी ज्या चित्रांसाठी मोठ्या संस्थांनाच हात घालता येत असे, ती आता विद्यार्थ्यासही मिळू लागली. भारतातील भूकंपांपैकी १९९९ चा चमोलीचा आणि २००१ चा भूजचा हे या पद्धतीने अभ्यासिले गेले आहेत. भूजला विभंग भूपृष्ठापर्यंत आलाच नव्हता. तेथे जे डोळ्यांना अदृश्य होते, त्याचा माग थोड्याशा चित्रांवरून का होईना लावता आला.

आता किल्लारीकडे वळू. भूकंपानंतर अभ्यासकांना गावाजवळच्या शेतांत सुमारे एक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात तुटक भेगा आणि लहानमोठे उंचवटे आढळले. नैर्ऋत्येकडे झुकलेल्या प्रतलावर दक्षिणेकडील बाजू उत्तरेकडील बाजूवर चढली होती. याचा अर्थ लावताना दोन पक्ष पडले. लिओनार्डो सीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला की, हा बसाल्टच्या थरांत नव्यानेच पडलेला विभंग तर नव्हे? सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन यांनी त्याच वर्षी उलट मत मांडले : बसाल्टच्या खाली असलेल्या अतिप्राचीन खडकांतील जुनाच विभंग पुन्हा जागा झाला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विंधन-विवर घेतले. त्यात बसाल्टची जाडी ३३८ मीटर निघाली, त्याखाली काही मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली प्राचीन नाइस खडक. तेरणा नदीवरील माकणीच्या जलाशयाचा या भूकंपाशी संबंध असावा काय, हाही वाद झाला. कोयनेचे उदाहरण डोळ्यांपुढे असल्याने तो होणे स्वाभाविक होते.

वरवर पाहता हा तज्ज्ञांचा शब्दच्छल वाटेल. तसे नाही. विभंग जुना असेल, तर त्याने पूर्वीही भूकंप घडविले असले पाहिजेत. त्यांच्या खुणा शोधता येतील, त्यांच्यातील कालांतर ठरविता येईल आणि तशाच इतर जुन्या विभंगांची यादी करता येईल. तो नवा असेल, तर पठारावरील कोणतेही गाव उद्याचे किल्लारी ठरू शकते आणि यादी करण्याचा यत्न व्यर्थ आहे. घर कसे बांधावे, शाळेची इमारत कोणत्या मानकाने उभारावी, हे प्रश्न शेवटी याच वादाशी येऊन भिडतात. २००२ च्या आवृत्तीत मानक संस्थेने पहिला विभाग रद्द करून तो दुसऱ्यात मिळविला आणि लातूरचा प्रदेश तिसऱ्या विभागात घातला. परंतु हे झाल्या भूकंपावरून केलेले वर्गीकरण आहे. कोयनेच्या बाबतीतही असेच घडले होते : ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तो प्रदेश चौथ्या विभागात गेला.

या वादात इतिहासाच्या अभ्यासकास जो हातभार लावता आला, तो तेर येथे. किल्लारीपासून सुमारे ४० किलोमीटरवर, त्याच तेरणेच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’मध्ये ज्याच्या व्यापाराचा उल्लेख येतो, ते. त्रिविक्रमाचे मूळचे चैत्यगृह, उत्तरेश्वराचे विटांचे मंदिर, गोरोबाकाकांचे स्थान आणि लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय यांमुळे ते मराठी वाचकास परिचित आहे. १९५८ मध्ये चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. पुढे १९९० नंतरच्या दशकात राजेंद्रन दांपत्याने तेरच्या नदीकाठच्या दरडीची पाहणी केली. तेथे त्यांना गाळाचे थर वाकलेले व तुटलेले आढळले. या थरांच्या कालनिर्णयावरून सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी त्या परिसरात मोठा भूकंप झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तगराच्या ऱ्हासाची कारणे आपण आजवर रोमन व्यापाराची ओहोटी आणि राजसत्तांचे स्थलांतर यांत शोधीत आलो. त्यांत भूकंपाची भर घालावी काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, एवढ्यावरून घालू नये. एका नदीकाठच्या दरडीवरून नगराच्या भवितव्याचा निवाडा करणे घाईचे होईल. पण ‘या भूमीस भूकंप ठाऊक नव्हता’ हे विधान तेरच्या दरडीने खोटे पाडले आहे, यात संशय नाही.

किल्लारीविषयीचे हे सर्व प्रमुख अभ्यास क्षेत्रीय पाहणी, दूरदूरच्या केंद्रांवरील भूकंपलेख, चर आणि विवरे यांवर उभे आहेत. त्यांत उपग्रहीय रडारचा आधार नाही. तो असता तर काय दिसले असते, याची कल्पना एका दूरच्या उदाहरणावरून करता येते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी पीटरमन पर्वतराजीत २० मे २०१६ रोजी जवळजवळ किल्लारीएवढ्याच महत्तेचा भूकंप झाला. भूमीही तशीच, प्राचीन व स्थिर मानलेली. मनुष्यवस्ती नसल्यामुळे जीवितहानी झाली नाही. सेंटिनेल व जपानी उपग्रहांच्या चित्रजोड्यांवरून सुमारे २० किलोमीटर लांबीचा विभंग, त्याचा बाक आणि दोन्ही बाजूंची चढउतार स्पष्ट उमटली. मग अभ्यासक नेमके तेथे जाऊन पाहू शकले. फ्रान्समधील ल तैल येथे ११ नोव्हेंबर २०१९ रोजी झालेला भूकंप तर जेमतेम ४.९ महत्तेचा होता. तो अतिशय उथळ असल्याने जमीन दहा-पंधरा सेंटिमीटर उचलली गेली. ज्या जुन्या विभंगावर हे घडले, तो जिवंत आहे अशी कोणाची कल्पना नव्हती. रडारचित्रातील पट्टे पाहूनच त्याच्याकडे लक्ष गेले. किल्लारीला जमीन अर्धा मीटर उचलली गेली असे धरले, तर ईआरएसच्या मापाने पंधरा-सोळा पट्टे उमटावयास हवेत. गावाजवळ सापडलेला एक किलोमीटरचा तुटक पट्टा हाच काय तो विभंगाचा माथा होता, की काळ्या मातीखाली तो आणखी दूरवर न फुटता गेला होता, याचे उत्तर अशा एका चित्राने दिले असते. शेतातील उंचवटे तर नांगराच्या फाळापुढे फार काळ टिकत नाहीत.

येथे मघाच्या इंपीरियल खोऱ्याची आठवण करावी लागते. काळी कपाशीची माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे मराठवाड्यातील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. ज्या साधनास सेंटिमीटरभर हालचाल कळते, त्यास हे फुगणे-आकसणेही कळणारच. म्हणून मे महिन्यातील आणि सप्टेंबरातील चित्रे ताडून जो फरक दिसेल, तो सगळा विभंगाच्या पदरात टाकता येणार नाही. दुसरी अडचण पिकांची. संपादकापुढील दोन पोथ्यांपैकी एकीवर कोणी नवीन मजकूर लिहून ठेवला, तर तुलना खुंटते; तसेच पेरणीपूर्वी उघडे असलेले रान आणि नंतर ज्वारी, तूर, सोयाबीन वा ऊस यांनी झाकलेले रान, ही रडारच्या आखूड तरंगांस दोन निरनिराळी पृष्ठे वाटतात. ढगांतून रडार आरपार पाहते हे खरे. पण पावसाळी हवेतील बाष्प तरंगास किंचित विलंब लावते आणि त्या विलंबाचे पट्टे हालचालीच्या पट्ट्यांसारखेच दिसतात. इटलीतील मिलान येथील फेरेत्ती, प्राती व रोक्का यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस यावर एक उपाय काढला. अनेक चित्रांची माळ घेऊन, त्यांतील जे बिंदू वर्षानुवर्षे बदलत नाहीत, उदाहरणार्थ इमारती, पूल, उघडे खडक, तेवढेच मोजावयाचे. मराठवाड्यात असे बिंदू गावठाणांत व माळरानांवर भरपूर आहेत.

लांब तरंग हा दुसरा उपाय. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘निसार’ हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह दोन प्रकारच्या तरंगांनी पाहतो : अमेरिकेच्या रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर आहे, भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या रडारची त्याहून कमी. लांब तरंग पानाफांद्यांना फारसा न जुमानता जमिनीपर्यंत पोहोचतो. दर बारा दिवसांनी तोच प्रदेश पुन्हा पाहण्याची त्याची योजना आहे. पिकांच्या प्रदेशात विभंगांचा अभ्यास करणाऱ्यांस हा मोठाच लाभ होय.

तथापि या साधनाकडून नको ती अपेक्षाही ठेवू नये. वृत्तपत्रांतून ‘आता भूकंपाचे भाकीत होणार’ अशा आशयाचे मथळे येतात. ते निराधार आहेत. हिमालयाच्या पायथ्याशी किंवा कॅलिफोर्नियात जेथे भूमी वर्षाला कित्येक मिलिमीटर वाकते, तेथे अनेक वर्षांच्या चित्रांवरून ताण कोठे साठत आहे, हे काहीसे कळते. दख्खनचे पठार सबंध भारतीय भूपट्टाबरोबर ईशान्येस वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकत असले, तरी त्याच्या पोटातील विरूपण इतके मंद आहे की ते आजच्या साधनांस क्वचितच पकडता येते. किल्लारीसारख्या ठिकाणी रडार जे सांगेल, ते घटनेनंतर. कोयनेचा प्रकार थोडा निराळा आहे. तेथे १९६७ च्या ६.३ महत्तेच्या भूकंपानंतरही लहान धक्क्यांची मालिका दशकानुदशके चालू राहिली. गोठणे येथे २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल विवर घेण्यात आले आणि कराड येथे त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे खोलीतून घेतलेली मापे आणि आकाशातून घेतलेली मापे यांची सांगड घालता येण्याजोगी आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या अखेरीपासून सुरू झालेल्या धक्क्यांच्या अभ्यासातही रडारचित्रांचा आधार घेतला गेला आहे.

मराठवाड्यात अलीकडे जाणवलेल्या धक्क्यांचे तसे नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात प्रत्येकी ४.५ महत्तेचे भूकंप झाले. नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. ल तैलप्रमाणे भूकंप अगदी उथळ नसेल, तर एवढ्या महत्तेने भूपृष्ठ मिलिमीटरभरच हलते, आणि ते काळ्या मातीच्या फुगण्यात हरवून जाते. अशा वेळी भूकंपमापकांचे लेख आणि माणसांच्या नोंदी हीच साधने उरतात. मराठवाडा निजामी राज्यात असताना हैदराबादच्या निझामिया वेधशाळेत मिल्न-शॉ पद्धतीचा भूकंपमापक बसविलेला होता, आणि मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसावे शतक सरता सरता असे यंत्र आले होते. या यंत्रांच्या नोंदी जेथे असतील तेथून मिळवून मराठवाड्यापुरत्या त्या वेगळ्या काढणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका प्रबंधाचे काम आहे. थॉमस ओल्डहॅम याची भारतीय भूकंपांची सूची त्याच्या मुलाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केली. अशा सूचींत छावण्या व वृत्तपत्रे असलेल्या गावांचा आवाज मोठा असणार आणि तेरणाकाठच्या खेड्यांचा क्षीण, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागते.

किल्लारीच्या बाबतीत सर्वांत अस्वस्थ करणारी पूर्वनोंद मात्र कोणत्याही उपग्रहाची नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून त्या परिसरात धक्के जाणवू लागले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते वारंवार येत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चारहून थोड्या अधिक महत्तेचा होता. पुढे ते मंदावले. मोठ्या भूकंपापूर्वी लहान धक्के येतातच असे नाही आणि लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप होतोच असेही नाही. म्हणून त्या वेळी कोणी निश्चित काही सांगावयास हवे होते, असा ठपका आज ठेवणे न्याय्य होणार नाही. पण दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर पांढरीच्या मातीचे जड माळवद, ही घरे अशा धक्क्यांत टिकणार नाहीत, हे समजण्यास भाकिताची आवश्यकता नव्हती. त्या वर्षभरात किती घरांना भेगा पडल्या, किती रात्री लोक अंगणात झोपले, कोणत्या गावात कोणता आवाज ऐकू आला, ग्रामपंचायतीने वा शाळेने वरिष्ठांस काही लिहिले होते काय, हे सर्व लिहून काढावयास हवे. भूकंपानंतर ५२ गावांचे स्थलांतर झाले आणि जुनी गावठाणे मोडली. कागद त्यांबरोबर गेले असण्याचा संभव आहे. काही तहसील कचेऱ्यांच्या बस्त्यांत असतील. १९९२ मध्ये जे तिशीत होते, ते आता साठी ओलांडून गेले आहेत. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी या गावी जाऊन त्यांच्याशी बोलण्याचे काम पुढील हिवाळ्यात हाती घेतले, तर ते अजून होण्यासारखे आहे.